वामीचं पाणी

आमच्या ऑफिसात महिन्याअखेरीला प्रत्येक फील्ड ऑफिसरला अहवाल भरावा लागे. किती सापळे तपासले, त्यांत किती उंदीर सापडले, कुठल्या वाटेवर झाड पडलं, कुठल्या पर्यटकाने काय तक्रार केली. बाकीचे लोक दोन-दोन पानं खरडत. अंकलचा अहवाल तीन वाक्यांचा असे : ‘ओढा वाहतो आहे. पूल उभा आहे. मीसुद्धा.’ एकदा साहेबिणीने तो परत पाठवला आणि वर लिहिलं, ‘कृपया तपशील द्यावा.’ अंकलनी खाली लिहिलं, ‘ओढा जरा जास्त वाहतो आहे,’ आणि कागद पुन्हा तिच्या टेबलावर नेऊन ठेवला.

त्यांना सगळे अंकलच म्हणत. पुण्यात सोसायटीतल्या एका पोराने मला पहिल्यांदा अंकल म्हटलं, तेव्हा मी आठवडाभर आरशात केस तपासत होतो. इथे माओरी माणसांत मात्र ती पदवी आहे, आणि ती नुसत्या वयावर मिळत नाही. ते मला ‘बॉय’ म्हणत. मी तेव्हा चव्वेचाळीस वर्षांचा, चष्मा लागलेला आणि कंबर धरलेला सिव्हिल इंजिनीअर होतो.

न्यूझीलंडला आल्यावर पहिली काही वर्षं मी ईस्ट टामाकीत गोदामांचे आराखडे काढले आणि न्यू लिनला भाड्याने राहिलो. मग राष्ट्रीय उद्यानातले पूल तपासायची नोकरी निघाली आणि आम्ही ऑकलंड सोडून जंगलाला लागून असलेल्या एका छोट्या गावात आलो. बायको फार्मसिस्ट, तिला तिथेही लगेच काम मिळालं. मला मिळाले अंकल. जंगल त्यांच्या पायाखालचं होतं, म्हणून माझ्यासारख्या नवख्याला त्यांच्या यूटमध्ये बसवून दिलं जाई. यूट म्हणजे मागे उघडा हौदा असलेली गाडी. अंकल ती ताशी चाळीसच्या वर नेत नसत आणि मागे रांग लागली की खिडकीतून हात काढून सगळ्यांना प्रेमाने नमस्कार करत.

पहिल्या दिवशी त्यांनी गाडी पुलाच्या अलीकडे थांबवली आणि म्हणाले, “उतर. आधी ओळख.”

मला वाटलं, कोणी माणूस यायचा आहे. अंकल काठावर गेले, टोपी काढली आणि ओढ्याशी त्यांच्या भाषेत बोलायला लागले. थंडीचे दिवस होते आणि हा माणूस अर्ध्या चड्डीत. बारा महिने अर्धी चड्डीच. मग माझ्याकडे वळून म्हणाले, “तुझा डोंगर कुठला?”

“पर्वती,” मी म्हणालो. पर्वतीला डोंगर म्हणणं जरा जास्तच झालं, पण परक्या देशात कोण तपासायला जातंय.

“नदी?”

“मुठा.”

“तिचं पाणी पितोस?”

“नाही.”

“मासे खातोस तिच्यातले?”

“नसावेत.”

“मग तिच्याकडे जातोस कशाला?”

“पुलावरून जातो. ऑफिसला.”

अंकल इतके हसले की त्यांना पुलाच्या खांबाला धरावं लागलं. मग पुन्हा गंभीर होऊन त्यांनी पाण्याला माझ्याबद्दल काहीतरी सांगितलं. काय सांगितलं, असं मी विचारलं, तर म्हणाले, “सांगितलं, हा पुलांचा माणूस आहे, नद्यांचा नाही. सांभाळून घे.” ते वाक्य मी घरी येऊन बायकोला विनोद म्हणून सांगितलं.

त्यांचे नियम फार. जेवायच्या टेबलावर बसायचं नाही. एका पर्यटक जोडप्याला जंगलातल्या बाकड्याच्या टेबलावर चढून बसलेलं पाहून ते शांतपणे त्यांच्याजवळ गेले आणि “ताटातसुद्धा असेच बसता का?” असं विचारून आले. डोक्यावरची वस्तू अन्नाजवळ आणायची नाही. मी एकदा डब्याशेजारी हेल्मेट ठेवलं, तर त्यांनी ते दोन बोटांनी उचललं, लांब एका दगडावर नेऊन ठेवलं आणि परत येऊन सँडविच खायला लागले. वाट विचारणाऱ्याला ते आधी त्याच्या आजीचं नाव विचारत. ज्याला सांगता येई, त्याला वाट नीट दाखवत. ज्याला येत नसे त्यालाही दाखवत, पण लांबची.

ते हेल्मेटचं प्रकरण मी घरी सांगितलं, तेव्हा बाबा म्हणाले, “मग बरोबरच आहे की त्याचं. तुझ्या आईचं सोवळं काय वेगळं होतं?” हे बाबांना एका वाक्यात कळलं. मला कळायला काय किंमत पडली, ते सांगायला मी हे लिहायला बसलो आहे.

आई गेल्यावर बाबा आमच्याकडे आले होते. मूळचे संगमेश्वराकडचे, सगळा जन्म पुण्यात पोस्टात गेला. इथे आल्यावर दिवसभर खिडकीत बसून रस्त्यावरून किती गाड्या गेल्या ते पाहायचे. बहुतेक वेळा एकही जात नसे. एका शनिवारी अंकल वर्तमानपत्रात गुंडाळलेलं काहीतरी घेऊन दारात उभे राहिले. बाबांनी पुडकं उघडलं, वास घेतला आणि ओरडलेच, “अरे, ही तर वाम!”

धुरावलेली वाम होती. खाडीकाठी वाढलेल्या माणसाला कित्येक वर्षांनी वाम दिसली. आमच्या घरात मासे शिजत नसत, बायको शुद्ध शाकाहारी. पण त्या दिवशी बाबांनी अंगणातल्या गॅसच्या शेगडीवर कोकम घालून कालवण केलं आणि सोमवारी स्टीलच्या डब्यातून अंकलना पाठवलं. डबा परत आला तो जंगलातल्या ओढ्याकाठच्या हिरव्या पालेभाजीने भरून. “रिकामा डबा परत करत नाही,” बाबा म्हणाले, “म्हणजे घरंदाज माणूस आहे.”

पुढे दर शनिवारी अंकल त्यांना न्यायला येत. माझी मुलगी मैत्रिणीला फोनवर सांगायची, “आजोबा इज आउट विथ हिज बेस्टी.” पुलाच्या थोडं वर, जिथे दुसरा एक बारीक झरा ओढ्याला मिळतो, तिथे दोघं दगडावर बसत. बाबा त्या जागेला संगम म्हणत. बाबांचं इंग्रजी पोस्टातलं, अंकलचं मराठी शून्य, तरी दुपार सरायची. तिथेच अंकलनी त्यांना वामींचं सांगितलं. ही वाम कित्येक वर्षं ओढ्यात राहते, आणि म्हातारी झाली की एका शरद ऋतूत, म्हणजे इथल्या मार्च-एप्रिलात, पुराच्या पाण्याबरोबर खाली जाते, समुद्रात, दूर कुठेतरी गरम पाण्यात. जिथे जन्मली तिथेच अंडी घालते आणि मरते.

“म्हणजे म्हातारपणी माहेरी जातात,” बाबा मला म्हणाले. “आमचंच उलटं झालं.”

मला ते लागलं होतं, पण मी हसण्यावारी नेलं.

अंकलची बायको त्याआधीच गेली होती. पुलाच्या खाली, ओढा जंगलाच्या हद्दीबाहेर पडतो तिथे, त्यांच्या कुळाची जमीन आणि मराए. मराए म्हणजे सभागृह, अंगण, स्वयंपाकघर, सगळ्या कुळाचं मिळून एक घर. तिथे ओढ्यात त्यांचे वाम धरायचे पिंजरे लागत. ते पिंजरे ही बाई विणायची. तिच्या हातची धुरावलेली वाम खायला लांबून लांबून लोक येत. या मराएवर आलेला पाहुणा वाम न खाता परत जात नाही, ही त्यांची पिढ्यानुपिढ्यांची ख्याती. माणूस गेल्यावर वर्ष-दीड वर्षाने त्याच्या थडग्यावरच्या दगडाचं कापड काढून तो उघडायचा सोहळा असतो. अंकलनी बायकोचा तो सोहळा ईस्टरला ठरवला होता, कारण वामी तेव्हाच खाली उतरतात. त्या दिवशीच्या जेवणात तिच्या ओढ्याची, तिच्या पिंजऱ्यातली वाम असणार, एवढी एकच गोष्ट ते वर्षभर बोलत होते. आमच्या पुलांच्या नोंदी करताना मध्येच म्हणत, “बॉय, चारशे माणसं येतील. तिला खाली मान घालायला लावणार नाही मी.”

बाबा जानेवारीत गेले. दुपारी जेवून झोपले ते उठलेच नाहीत. अंत्यसंस्काराला दोन दिवस लागणार होते. फ्युनरल होममध्ये मी कागदपत्रांवर सह्या करून घरी निघालो, तर अंकल आत खुर्ची टाकून बसलेले. त्या दिवशी पहिल्यांदा मी त्यांना फुल पँटमध्ये पाहिलं. “तू जा,” म्हणाले, “त्याला एकटं ठेवायचं नाही.” दोन्ही दिवस ते तिथे होते. मुलगा मी, आणि बसले ते.

राख हातात आली, एका प्लास्टिकच्या डब्यात. पुण्याहून बहीण म्हणाली, नाशिकला घेऊन ये. मला रजा नव्हती. ऑकलंडच्या गुरुजींना फोन केला, ते म्हणाले, “वाहतं पाणी चालेल, पण इथे आधी विचारून घ्या. स्थानिक लोकांचे काही नियम असतात.” मी “हो हो” म्हटलं. कोणाला विचारायचं? माझंच खातं, माझाच पूल, ओढ्याशी तर माझी रीतसर ओळख झालेली. मला वाटलं, बाबांना संगमच आवडायचा. मी खरंच फार प्रेमाने ते केलं. एका सकाळी फुलं, तीळ, दूध घेऊन एकटाच गेलो, त्या दगडावर बसलो आणि बाबांना पाण्यात सोडलं. किती दिवसांनी हलकं वाटलं.

सोमवारी यूटमध्ये मी अंकलना ते सांगितलं. मला वाटलं, ते माझ्या खांद्यावर हात ठेवतील.

त्यांनी गाडी रस्त्याच्या कडेला घेतली आणि इंजिन बंद केलं.

“पुलाच्या वर की खाली?” त्यांनी विचारलं.

“वर. तुम्ही दोघं बसायचात तिथेच.”

त्यांनी टोपी काढून मांडीवर ठेवली. मग हळूहळू, मुलाला शिकवावं तसं, मला समजावलं. मेलेल्या माणसाचा अंश ज्या पाण्यात गेला, ते पाणी ‘तापू’ होतं, म्हणजे पवित्र आणि वर्ज्य. त्यातलं काही खायचं नाही. अन्न आणि मृत्यू एका जागी आणायचे नसतात. पुलाच्या खाली सगळे पिंजरे आणि खालच्या घरांची पिण्याच्या पाण्याची टाकीसुद्धा याच ओढ्यावर. आता त्यांना त्यावर बंदी घालावी लागणार, तिला ते राहुई म्हणतात. हा हंगाम जाऊन पुढच्या वर्षीचा येईपर्यंत कोणी वाम धरणार नाही.

“ईस्टर?” मी विचारलं.

“ईस्टर,” ते म्हणाले.

हेल्मेट दोन बोटांनी उचलून दगडावर ठेवणाऱ्या माणसाबरोबर मी दीड वर्ष काढलं होतं. आईच्या सोवळ्यात वाढलो होतो. हे मला कळायला हवं होतं, आणि कळलं नाही, कारण विचारायचं माझ्या मनातच आलं नाही. मी शंभरदा सॉरी म्हणालो. ते म्हणाले, “तुझ्या बापाला तिथून कोणी हलवणार नाही. तो आमचा पाहुणा आहे.” मग गाडी सुरू करताना म्हणाले, “उद्या संध्याकाळी मराएवर सगळे बसणार आहेत. मी सांगणार आहे बंदीचं. येतोस?”

“उद्या मुलीचं स्विमिंग आहे,” मी म्हणालो.

“बरं,” ते म्हणाले.

स्विमिंग बुधवारी असतं. बायको रात्री म्हणाली, “अरे, तू जाऊन सांगून टाक ना. लोक चिडतील, मग होईल नॉर्मल. तू नाही गेलास तर जास्त ऑकवर्ड होईल.” मी म्हटलं, जाईन. मला भीती कशाची होती? नोकरी जाण्याची नव्हती. चारचौघांत उभं राहून, या लोकांचं पाणी मी बाटवलं, असं म्हणायची होती. सगळ्या गावात आम्ही एकच भारतीय घर. उद्या दुकानात, शाळेत, फार्मसीत ‘ते हेच’ असं झालं तर? असे मी स्वतःलाच वकील दिले आणि घरी बसलो.

ईस्टरला मी गेलो. न जाणं शोभलं नसतं. अंकलच्या मोठ्या बहिणीच्या हातात स्वयंपाकघर होतं, ऐंशीच्या पुढच्या, काठी टेकत पन्नास माणसांना कामाला लावणाऱ्या. त्यांनी मला भांडी घासायला उभं केलं. पाहुणे आले, दगड उघडला, मंडळी जेवायला बसली. चिकन होतं, डुक्कर होतं, दुकानातून आणलेले गोठवलेले मासे होते. दूरच्या कुळातले एक म्हातारे गृहस्थ बोलायला उभे राहिले. छान बोलले, तिची खूप स्तुती केली, आणि शेवटी हसत म्हणाले, “या मराएची वाट आम्ही नाकाने शोधतो. या वेळी मात्र नाकाने दगा दिला. मला वाटलं, चुकीच्या गावात आलो.”

सगळे हसले. पाहुणाचार हीच ज्यांची अब्रू, त्यांना असं हसणं कसं लागतं हे मला तेव्हा माहीत झालं होतं. अंकल उठले. “माझा एक मित्र पाण्यात आहे,” ते म्हणाले. “त्याची सोय माझ्या घरच्या माणसाने केली आणि मला विचारायचं राहून गेलं. दोष माझ्या घरचा आहे.” मग ते थांबले. स्वयंपाकघर आणि जेवणाच्या दालनात एक मोठी खिडकी होती, तिच्यातून त्यांनी माझ्याकडे पाहिलं. बराच वेळ पाहिलं. माझे हात कोपरापर्यंत साबणाच्या पाण्यात होते. मी एक ताट घासत होतो, ते पुन्हा घासलं, आणि पुन्हा.

ते खाली बसले.

मी आजवर पुष्कळ चुका केल्या. संगमावरची चूक अजाणतेपणी झाली, तिची मला एवढी लाज वाटत नाही. त्या ताटाची वाटते.

त्यानंतर अंकल माझ्याशी कधी वाकडं वागले नाहीत. तेच विनोद, ताशी चाळीस, मागच्या रांगेला नमस्कार. फक्त पुलापाशी गाडी थांबली की विचारत, “काही बोलायचंय, बॉय?” मी म्हणे, “एका खिळ्याला गंज आलाय, बदलायला हवा.” ते म्हणत, “बरं.” मला वाटे, ते मनातलं मोकळं करायला सांगतायत, आणि माझ्या मनातलं तर मी त्यांना कधीच सांगून टाकलं होतं. आणखी काय सांगायचं राहिलं, असा मी स्वतःला प्रश्नसुद्धा विचारला नाही. खरं तर विचारला होता. उत्तर माहीत होतं म्हणून पुढे सरकलो.

हिवाळ्यात ते आजारी पडले आणि दुखणं पुढच्या जानेवारीपर्यंत लांबलं. हॉस्पिटलात मी तीन-चारदा गेलो, फळं घेऊन. बोललो ते पुलांबद्दल. पुढच्या हंगामाला दोन महिने उरले असताना, राहुई उठायच्या आत ते गेले. स्वतःच्या ओढ्यातली वाम त्यांना शेवटच्या वर्षात चाखायला मिळाली नाही.

त्यांचा देह तीन दिवस मराएवर होता, आजूबाजूला माणसं सतत बसलेली. या वेळी मीही बसलो, पहिल्या दिवसापासून. तिसऱ्या दिवशी सकाळी, ज्याला बोलायचं आहे त्याने बोलावं असं सांगितलं गेलं, आणि मी उठलो. मी माझा डोंगर सांगितला, नदी सांगितली, बाबांचं नाव सांगितलं. मग म्हटलं, “ते पाणी मी बंद केलं. विचारलं नाही. ईस्टरला दोष अंकलनी घेतला तेव्हा मी तिथे होतो, त्या खिडकीपलीकडे, आणि गप्प राहिलो. मला माफ करा.”

कोणी दचकलं नाही. कोणी कुजबुजलंही नाही. मला वाटलं, माझं इंग्रजी कळलं नाही की काय.

अंकलच्या बहीणबाई काठी टेकत उठल्या, माझ्यापर्यंत आल्या आणि त्यांच्या रीतीप्रमाणे माझ्या नाकाला नाक, कपाळाला कपाळ लावलं. मग मला शेजारी बसवून हळू आवाजात म्हणाल्या, “आम्हाला माहीत होतं. त्याने त्या पहिल्याच संध्याकाळी सांगितलं होतं, तू आला नव्हतास तेव्हा. म्हणाला, हे त्याचं बोलणं आहे, तो येऊन बोलेल, तोवर कुणी विषय काढायचा नाही. पोरं चिडली होती, पण कुणी काढला नाही.”

मी मान खाली घातली.

“हॉस्पिटलात रोज विचारायचा, मराएवर आला होता का तो, बोलला का? मी म्हणायची, नाही अजून. तो म्हणायचा, बरं, येईल.” त्यांनी माझा हात हातात घेतला. “शेवटच्या रात्री पुन्हा विचारलं. मी खोटं बोलले. म्हटलं, आला होता, सगळ्यांसमोर बोलला. मग शांत झोपला.”